देवकुंड फायनल २

मेहुण्याने ग्रुप काढला तेव्हा ग्रुपचं नाव होतं 'देवकुंड १३ जुलै'. मग ते 'देवकुंड २० जुलै' झालं, मग 'देवकुंड ऑगस्ट', मग 'देवकुंड नक्की', मग 'देवकुंड फायनल', आणि ज्या नावाखाली आम्ही शेवटी नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी गाडीत बसलो ते होतं 'देवकुंड फायनल २'. मधे दिवाळीच्या आधी दहा दिवस त्याच ग्रुपचं नाव 'भाजणी ऑर्डर' पण होतं, कारण बायकोला चकलीच्या भाजणीच्या ऑर्डरी गोळा करायच्या होत्या आणि तिच्या मते एवढी माणसं आयती एका जागी बसलीयेत तर नवीन ग्रुप कशाला. अकरा किलोची ऑर्डर मिळाली तिला. त्यामुळे ग्रुप वाया गेला असं निदान आमच्या घरात तरी कोणी म्हणू शकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (असे पुण्यात चार-पाच जण असतील), देवकुंड म्हणजे ताम्हिणी घाट उतरून रायगड जिल्ह्यात गेलं की भिरा नावाचं गाव आहे, तिथून जंगलात पाच-सहा किलोमीटर आत चालत गेल्यावर लागणारा धबधबा. उंच कड्यावरून पाणी सरळ एका गोल कुंडात पडतं, कुंडलिका नदीचा उगम इथलाच म्हणतात. पुण्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. सकाळी निघा, रात्री जेवायला घरी. "यात प्लॅनिंग करण्यासारखं काय आहे?" हे वाक्य मी ३ जूनला ग्रुपवर टाकलेलं आहे. बायकोने त्याला स्टार करून ठेवलंय आणि लागेल तसं ती ते मला दाखवत असते.

घोळ सुरू झाला तो एका शब्दावरून. मेहुण्याने कुठल्यातरी ट्रेकवाल्यांचं पोस्टर टाकलं, धबधबा वगैरे मस्त, आणि खाली बारीक अक्षरात 'श्रेणी: मॉडरेट'. झालं. मॉडरेट म्हणजे काय?

आता पुण्यात डोंगर मोजायचं माप मीटर नाही, फूटही नाही. माप आहे सिंहगड. आणि सिंहगडाच्या खालची सुट्टी चिल्लर म्हणजे पर्वती, १०३ पायऱ्या. जगातला कुठलाही डोंगर सांगा, एव्हरेस्टचा बेस कॅम्प सांगा, पुणेकर आधी विचारणार, सिंहगडाच्या मानाने कसं आहे? तसं विचारण्यात आलं. मेहुणा म्हणाला, चढ पाव सिंहगड, अंतर दोन सिंहगड. त्यावर कोणीतरी विचारलं हे जायचं अंतर का जाऊन-येऊन. मग खालच्या मजल्यावरच्या वकील काकांनी विचारलं की सिंहगड म्हणजे आतकरवाडीतून चालत, का गाडीने वर जाऊन वाहनतळापासून पुढचा, कारण दोन्हीला लोक सिंहगड केला असंच म्हणतात. मग एकाने विचारलं की पिठलं-भाकरी आणि दही धरून का सोडून. हे सगळं रात्री साडेअकराला. ऑफिसातल्या एका मित्राने तर एक तक्ताच बनवून टाकला ज्यात देवकुंड बरोबर ६ पर्वती येत होतं, आणि त्यात त्याने पर्वती उतरायचा त्रास धरला नव्हता यावरून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू.

बायको एवढंच म्हणाली, "मॉडरेट लिहिणारा माणूस किती वर्षांचा आहे ते विचार."

हा खरंच मुद्दा होता. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराला जे मॉडरेट वाटतं ते मला, म्हणजे वय ४६, वजन जाऊ दे, दिवसाचे आठ तास खुर्चीत आणि उरलेल्यातले तीन सोफ्यावर, मला कसं मॉडरेट वाटेल? सासूबाईंनी (त्या आमच्याकडेच असतात) स्वयंपाकघरातून विचारलं, मॉडरेट म्हणजे मध्यमच ना? हो म्हंटलं. "म्हणजे ना धड सोपं ना धड अवघड. सोपं असतं तर सगळे गेले असते, अवघड असतं तर तुम्ही गेलाच नसता. मध्यम तेच वाईट, माणूस निघतो आणि अर्ध्यात अडकतो." या बाईंनी आयुष्यात एकही ट्रेक केलेला नाही हे लक्षात घ्या.

मेहुण्याने पोल टाकला. ग्रुपमध्ये तेवीस माणसं. 'येणार' ९, 'बहुतेक' १२, 'घरी विचारून सांगतो' २, 'नाही' शून्य. त्या बहुतेकमध्ये एक जण असा होता जो गेली सहा वर्षं न्यू जर्सीला राहतो.

मग आमचा एक शाळेपासूनचा मित्र आहे, त्याला आम्ही सगळे हवामान खातं म्हणतो. त्याच्या फोनमध्ये पावसाची सात ॲप आहेत आणि सातही वेगवेगळं सांगतात त्यामुळे त्याचं कधीच चुकत नाही. तो रोज सकाळी सहा वाजता ढगांचा लाल-जांभळा नकाशा टाकणार आणि खाली एक शब्द, "बघा." काय बघा? यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट, घाटमाथ्याला वेगळा, शहराला वेगळा. मी म्हंटलं अरे पावसाळ्यात पाऊस पडणारच, धबधब्याला जायचंय आपल्याला, वाळवंटात नाही. त्यावर त्याने आकडा फेकला की २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासात ५५६ मिलिमीटर पडलाय. पुण्यात अख्ख्या वर्षाचा सव्वासातशेच्या आसपास पडतो. म्हणजे आपल्या वर्षभराच्या पावसातला तीन चतुर्थांश त्या घाटाने एका दिवसात उरकला होता. बहुतेकवाल्यांपैकी चार जण त्याच दुपारी 'घरी विचारून सांगतो' मध्ये गेले.

आणि ८ जुलैला कळलं की पावसाळ्यात देवकुंडला बंदीच असते.

हे जूनमध्ये कसं नाही कळलं असं विचारू नका. तेवीस माणसं, त्यातले पंधरा इंजिनियर, महिनाभर पर्वतीच्या पायऱ्या मोजत होते आणि जागा उघडी आहे का बंद हे कोणी बघितलंच नव्हतं. जिल्हा प्रशासन तिकडे पावसाळ्याचे महिने दरवर्षी मनाईचा आदेश काढतं कारण वाटेत ओढे आहेत, वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असताना सुद्धा पाणी एकदम वाढतं, आणि कुंड खोल आहे, लोक बुडलेत तिथे. मेहुण्याने लिहिलं, "१४४ लावलंय." त्यावर वकील काका, "१४४ नाही. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३." मग त्यावर चाळीस मेसेज. पिकनिक रद्द झाल्याचं दुःख बाजूलाच राहिलं, आम्ही सगळे नवीन कायदा शिकलो.

एक-दोन जण म्हणाले की मागच्या बाजूने एक वाट आहे, गावातला माणूस ओळखीचा आहे, नेतो तो. असे एक-दोन जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. पण आदल्या वर्षी जूनच्या शेवटच्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं होतं, पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभे असलेले, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. त्यामुळे मागच्या वाटेचा विषय कोणी लाईकसुद्धा न करता तिथेच संपला. मला आमच्या ग्रुपबद्दल जे काही थोडं बरं वाटतं त्यातली ही एक गोष्ट.

मग २० जुलै, दुसरीकडे कुठेतरी जाऊ म्हणून. सासूबाईंनी भिंतीवरचं कालनिर्णय बघून जाहीर केलं की तो गटारीचा रविवार आहे. गटारीच्या रविवारी धबधब्याला जाणं म्हणजे पाणी कमी आणि इतर द्रव जास्त, शिवाय निम्म्या गर्दीचे कपडे पिशवीत आणि अक्कल घरी. रद्द. पुढे श्रावण लागला, म्हणजे ज्यांना ट्रेकनंतर गावठी कोंबडी हवी होती त्यांचा निम्मा रस गेला. मग दहीहंडी, मग गणपती, कोणाकडे दीड दिवसाचे, कोणाकडे पाच, कोणाकडे गौरी, कोणाकडे दहा, आणि ज्यांच्याकडे नाहीत ते सोसायटीच्या मांडवात. त्यानंतर पितृपक्ष, त्यात नवीन काम काढू नये म्हणतात, ट्रेक हे नवीन काम का जुनं यावर मतभेद झाले पण ग्रुप जूनपासून चालू आहे म्हणजे जुनंच असं माझं म्हणणं होतं, कोणी ऐकलं नाही. पुढे नवरात्र, घट बसलेले, चार जणींचे नऊ दिवसांचे उपास. दसऱ्याला मुहूर्त चांगला पण गाड्यांना हार. कोजागरीला आदल्या रात्रीचं जागरण. दिवाळीची साफसफाई, दिवाळी, पाडव्याला सासर, भाऊबीज. त्यातून वर आलो तर तुळशीचं लग्न, आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागायला सुरुवात. मराठी पंचांगात एक पण रिकामा रविवार नाहीये, खोटं वाटत असेल तर काढून दाखवा.

कंटाळून एकाने सुचवलं की सरळ मार्चमध्ये जाऊ, परीक्षा झाल्यावर. हवामान खातं टपूनच बसलेलं. २०१७ च्या मार्चमध्ये याच भिऱ्याला ४६.५ डिग्री नोंद झाली होती, त्याने लगेच टाकलं. विदर्भ नाही, राजस्थान नाही, भिरा. तीन बाजूंनी डोंगर, गावाचं भांडं तापतं. म्हणजे ज्या जागी जुलैत वाहून जाऊ म्हणून जाता येत नाही तिथे मार्चमध्ये भाजून निघू म्हणून जाता येत नाही. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्यातले निम्मे रविवार लग्नांनी खाल्लेले.

तर २३ नोव्हेंबर. त्या दिवशी कोणाचं लग्न नव्हतं. एकाचं होतं पण लांबचं होतं, आहेर ऑनलाईन पाठवून दिला.

आता यादी. मेहुण्याने एक्सेल शीट केली, 'काय न्यायचं'. सगळ्यांना त्यात लिहायची परवानगी दिली ही त्याची चूक. शुक्रवारपर्यंत त्यात एक्काहत्तर ओळी होत्या. शिट्टी, टॉर्च, जादा टॉर्च, टॉर्चचे सेल, रेनकोट (नोव्हेंबरमध्ये), ओआरएस, क्रेप बँडेज, ऍव्होमिन, मूव्ह, व्होलिनी, कुणीतरी दोन्ही लिहिलेले, कारण दोघांचा विश्वास वेगवेगळ्या मलमावर. पॉवर बँक चार. जळवांसाठी मीठ आणि तंबाखू, यावर पण झालंच, जळवा ताम्हिणीत असतात का भीमाशंकरला, आणि भीमाशंकरच्या जळवा इकडे येऊ शकतात का, यावर रात्री एक. एकाने ड्रोन लिहिला. पुढच्या ओळीत वकील काकांनी लिहिलं, 'ड्रोनची परवानगी'. काका स्वतः येणार नव्हते. गुडघे. पण शीट त्यांना आवडली होती.

ओळ क्रमांक ३ 'चांगली ग्रिप असलेले बूट' समोर मी अभिमानाने बरोबरची खूण केली. माझ्याकडे होते. २०१४ साली हरिश्चंद्रगडासाठी घेतले होते, हरिश्चंद्रगड झाला नाही (तो ग्रुप वेगळा), पण बूट खरे ट्रेकिंगचे, घोट्यापर्यंत, जाड सोल, तेव्हाचे साडेचार हजार. माळ्यावर मूळ खोक्यात, मूळ कागदात, त्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुडीसकट अकरा वर्षं ठेवलेले. काढले तर नवे कोरे. बायकोला दाखवले, म्हंटलं बघ, वस्तू जपली की अशी राहते.

खाण्याबद्दल मी फक्त एवढंच म्हणालो होतो की गावात जेवण मिळतं, आधी सांगून ठेवलं की भाकरी-पिठलं-भात करून देतात, आपण सोबत थोडा कोरडा खाऊ घेऊ. "थोडा कोरडा खाऊ" याचं सासूबाईंच्या भाषेतलं भाषांतर म्हणजे ७२ तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, दशम्या, राजगिऱ्याच्या वड्या, भडंगाचा डबा, आणि काकड्या सोलून नाही कारण सोललेल्या सुकतात, म्हणून सोलाणं. मी म्हंटलं आई, नऊ जण आहोत. "मग माणशी आठ. जास्त आहेत का?" मला भागाकार बरोबर वाटला त्यामुळे गप्प बसलो.

शनिवारी रात्री दहानंतर माणसं गळायला लागली. हा सगळ्या ट्रेकचा नियम आहे, शनिवारी रात्री दहापर्यंत कोणी काही बोलत नाही. एकाच्या मुलाला ताप. एकाचा बॉस. एक म्हणाला गाडीचा आवाज येतोय, तुम्ही व्हा पुढे. एकाने पहाटे ४:५० ला नुसता हात जोडलेला इमोजी टाकला, कारण पण नाही. आणि न्यू जर्सीवाल्याने लिहिलं, "एन्जॉय गाईज, नेक्स्ट टाईम नक्की." नवातले उरलो पाच. मी, बायको, आमची चौदा वर्षांची मुलगी, मेहुणा, आणि हवामान खातं. पुऱ्या मात्र ७२ च.

साडेपाचला चांदणी चौक. गाडी एकच लागली हा फायदा, पण डिकीत एक्काहत्तर ओळींचं सामान (नऊ माणसांचं भरलेलं, पाच माणसांनी उचललेलं), त्यामुळे पुऱ्यांचा डबा मुलीच्या मांडीवर. पिरंगुट, पौड, मुळशी. डाव्या-उजव्या हाताला मुळशीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा जरा उजाडत होतं आणि मेहुणा त्याच्या आवडत्या विषयावर आला. हे धरण टाटांचं, याच्यासाठी गावं बुडणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह उभा केला, तरी धरण झालं, आणि पूर्वेला वाहत जाणारं हे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं, १९२७ मध्ये. म्हणजे आपण आत्ता जातोय त्याच गावात हे पाणी आपल्या आधी पोचलेलं असतं. वीज करून झाली की तेच कुंडलिकेत जातं आणि पुढे कोलाडला लोक सकाळी राफ्टिंग करतात ते या सोडलेल्या पाण्यावर. मी खिडकीतून बघत होतो. ज्यांची गावं गेली त्यांचं काय झालं असेल तो विचार वेगळाच, पण मला राहून राहून वाटत होतं की शंभर वर्षांपूर्वी लोकांनी अख्खी नदी उलटी फिरवून डोंगर पार करून नेली आणि आम्हाला पाच माणसं त्याच रस्त्याने न्यायला पाच महिने लागले. आणि हातात एक्सेल शीट असताना.

घाटात हवामान खात्याला उलटीसारखं झालं. ऍव्होमिन डिकीत, तळाशी.

भिऱ्याला गाडी लावली, पोहे खाल्ले, चहा घेतला. गाईड घ्यावाच लागतो तिथे, गावातलीच पोरं असतात. आमच्या वाट्याला आला तो पंचविशीचा असेल, पायात काळ्या प्लॅस्टिकच्या सँडल, पाठीला शाळेचं दप्तर असतं तशी छोटी सॅक. त्याने आमच्याकडे आणि आमच्या सामानाकडे बघितलं. मग विचारलं, "हे सगळं न्यायचंय?" आम्ही बाहेरच उभं राहून निम्मं परत डिकीत टाकलं. मीठ, तंबाखू, तीन पॉवर बँक, रेनकोट. जळवांचं विचारलं तर म्हणाला या दिवसांत कुठल्या जळवा. बायकोने संधी साधून पाच महिने तुंबलेला प्रश्न विचारून घेतला, "दादा, हे मॉडरेट आहे का हो?"

तो जरा विचार करून म्हणाला, "तुमचं साडेपाच तास धरा. जाऊन-येऊन."

"आणि बाकीच्यांना किती लागतात?"

"बाकीच्यांचं बाकीच्यांना सांगतो."

सुरुवात अगदी सोपी. धरणाच्या फुगवट्याच्या कडेकडेने सपाट वाट, डावीकडे पाणी, समोर सह्याद्रीची भिंत, सकाळचं कोवळं ऊन, मुलीने कानातले इअरफोन काढून ठेवले. मेहुणा म्हणायला लागला की हे तर अर्धी पर्वती पण नाही, पोस्टरवाल्यांनी उगाच घाबरवलं. मी बुटांकडे बघत होतो. खरं सांगतो, सुंदर दिसत होते.

मग जंगल लागलं, ओढ्यातले दगड सुरू झाले, आणि साधारण पाऊण तासाने मला असं वाटायला लागलं की माझ्यामागून कोणीतरी टाळ्या वाजवत येतंय. थांबलो की टाळ्या थांबायच्या. चाललो की परत. फट, फट, फट. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, तुमच्या बुटाने तोंड उघडलंय."

उजव्या बुटाचं सोल पुढून पूर्ण सुटलेलं. मी पाय वर घेऊन बघितला तर नुसता चिकट सुटलाय असं नव्हतं, सोलचा मधला थर हाताला लागून खारी बिस्किटासारखा भुगा होत होता. डावा बघितला. तो पण निघायच्या तयारीत. हवामान खात्याने तिथे दगडावर बसून मला समजावलं (नेटवर्क नव्हतं, तरी त्याला पाठ होतं) की या सोलचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, तो हवेतला दमटपणा खातो आणि आतल्या आत विरघळत जातो, वर्षानुवर्षं, आणि गंमत म्हणजे रोज वापरलेला बूट जास्त टिकतो, न वापरता खोक्यात जपून ठेवलेला आधी मरतो. बायको काही बोलली नाही. ती फक्त "वस्तू जपली की" एवढंच म्हणाली आणि पुढे बोललीच नाही.

एक्काहत्तर ओळी. शिट्टी होती, क्रेप बँडेज होतं, दोन प्रकारची मलमं होती. मेहुण्याने फर्स्ट एडच्या पेटीतून चिकटपट्टी काढली, ती जखमेवर लावायची, बुटाला लावली तर ओढ्याच्या पहिल्या पाण्यात सुटून वाहून गेली. क्रेप बँडेज गुंडाळलं, दहा पावलं टिकलं. मुलीने केसाचा रबर दिला. त्यात मी एका पायावर, झाडाला धरून.

गाईड हे सगळं शांतपणे बघत होता. आमचं सगळं संपल्यावर त्याने सॅक उघडली आणि आतून सुतळीचा गुंडा काढला.

साधी सुतळी, किराणा दुकानात पुडे बांधतात ती. खाली बसला, माझा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला, सोलखालून दोन वेढे, वरून फुली, घोट्याला एक फेरा, परत खालून, आणि गाठ अशी बाजूला की टोचणार नाही. डावा बूट अजून धड होता तरी तोही बांधला. म्हणाला, हा परतीला जाणार, आत्ताच करून घेऊ. दोन्ही मिळून पाच मिनिटं.

मी विचारलं, "तुम्ही सुतळी कायम ठेवता जवळ?"

"दर रविवारी एक तरी निघतो. मागच्या रविवारी तिघांचे गेले, एकाच हापिसातले." मग माझ्या बुटाकडे बघून, "पेटीत होते ना? पेटीतलेच जातात."

त्याच्या सॅकमध्ये अजून काय असतं ते मी नंतर वाटेत विचारून घेतलं. सुतळी, कोयता, काडेपेटी, पाण्याची बाटली, एक टॉवेल. पाच ओळी.

पुढचा रस्ता मला फारसा आठवत नाही कारण मी पूर्ण वेळ सुतळीकडे बघत होतो. चढ आहे, मुळं आहेत, दगड आहेत, हिरवी गार सावली आहे, दोनदा बसलो, एकदा आमच्या शेजारून एक मावशी डोक्यावर काकड्या-लिंबांची पाटी घेऊन गेल्या आणि थोड्या वेळाने दुसरी पाटी घेऊन परत गेल्या, आम्ही तेव्हा तिथेच होतो. मधे कधीतरी मेहुण्याने पर्वतीचा विषय काढायचं बंद केलं होतं.

आणि मग झाडी सरली.

तिन्ही बाजूंनी सरळ काळा कडा, वरून पाणी, नोव्हेंबरचं असल्यामुळे जुलैसारखा दणका नसेल पण एकच लांब पांढरी धार, वाऱ्याने जराशी इकडे-तिकडे होणारी, आणि खाली कुंड, निळं का हिरवं ते ठरवता येत नाही असं. तुषार आमच्यापर्यंत येत होते. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे पाच महिन्यात पहिल्यांदाच ग्रुपमधलं कोणी कोणाला काही सुचवत नव्हतं. कुंडात उतरू देत नाहीत, कडेला पाय सोडून बसलो. मुलीने फोटो काढला नाही, नुसती बघत बसली, हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. बायकोने मला काहीतरी सांगितलं, मी मान हलवली, काय सांगितलं ते अजून माहीत नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, हो म्हणालास ना तू, झालं मग.

पुऱ्या काढल्या. लसणाची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या, धबधब्यासमोर, थंडगार पाण्यात पाय. सासूबाईंबद्दल मी आयुष्यात जे काही म्हणालो असेन ते मागे घेतो. गाईडने सहा खाल्ल्या आणि चटणीची कृती विचारली. तरी डबा हलका होईना. मग अर्ध्या तासाने त्याने उठवलंच, अंधाराच्या आत जंगलातून बाहेर पडायचं असतं.

परत येताना डावं सोल खरंच गेलं. सुतळीत अडकून राहिलं म्हणून माझ्यासोबत घरापर्यंत आलं एवढंच. जायला-यायला मिळून सहा तास वीस मिनिटं लागली, गाईडचा अंदाज पन्नास मिनिटांनी चुकला, पण त्याने अंदाज दिला तेव्हा माझे बूट बंद होते, त्यामुळे त्याचा दोष नाही. ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे दिले तर त्यातले सुतळीचे म्हणून धरू का असं हसून विचारलं त्याने.

घाट चढून आल्यावर रेंज आली आणि ग्रुपवर १३७ मेसेज. सगळे न आलेल्यांचे. पोचलात का, पाणी आहे का, गर्दी किती, फोटो टाका, आणि एकाने विचारलेलं, "मॉडरेटच होतं ना?" मेहुण्याने टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं, परत खोडलं, आणि फोन खिशात ठेवून दिला. वकील काकांनी तेवढ्यात 'देवकुंड फायनल २' चं नाव बदलून 'अंधारबन जानेवारी' केलं होतं. गुडघे तसेच.

घरी पोचलो साडेनऊला. लिफ्टपासून दारापर्यंत मी भिंतीला धरून आलो. सासूबाई जाग्या होत्या, त्यांनी आधी डबा घेतला, उघडला, आणि उभ्याउभ्या मोजल्या.

"एक्केचाळीस परत?"

"चार जण आले नाहीत, आई."

"चार आठे बत्तीस. वरच्या नऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दारातच खाली बसून बूट सोडायला लागलो पण गाठी काही सुटेनात, ओल्या सुतळीच्या गाठी, बोटं पण चालत नव्हती. सासूबाईंनी डबा ओट्यावर ठेवला, समोर पाट घेऊन बसल्या आणि एकेक गाठ नखाने सैल करत दोन्ही बूट सोडवले. सोलं दोन्ही हातात आली. ती त्यांनी बुटांसकट कचऱ्याच्या पिशवीत टाकली, मला न विचारता. सुतळी मात्र झटकली, ओढून बघितली, आणि दोन बोटांवर गुंडाळत गुंडाळत आत घेऊन गेल्या.

"सुतळी चांगली आहे," आतून आवाज आला. "कुठून आणलीत?"